वाळा : घराचा गारवा, बांधाचा आधार

बँकेच्या सेवेत बदली अटळ असते आणि ती बहुधा उन्हाळ्यातच होते. मुलांच्या परीक्षा संपतात, सामान बांधले जाते आणि पुण्या-नाशिककडचे एखादे कुटुंब मे महिन्याच्या मध्यावर रायपूरच्या स्थानकावर उतरते. पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असतो. दुपारी अकरानंतर रस्ते ओस पडू लागतात, खिडकीची गजे हात लावू देत नाहीत आणि सोबत आलेल्या वृद्ध आई-वडिलांची चिंता वाटू लागते. अशा वेळी शेजारची एखादी अनुभवी गृहिणी जो सल्ला देते, त्यात वातानुकूलन यंत्राच्या आधी एका गवताचे नाव येते. छत्तीसगढीत आणि हिंदीत त्याला खस म्हणतात, मराठीत वाळा. (लहानग्यांच्या पायातील वाळ्याशी त्याचे नाते केवळ नावापुरते.)

अलीकडे घर-सजावटीच्या सचित्र मासिकांतून लॅव्हेंडर या जांभळ्या फुलांच्या झुडपाची फार वाखाणणी वाचायला मिळते. कपड्यांच्या कपाटात त्याच्या पुरचुंड्या ठेवाव्यात, स्नानाच्या पाण्यात तेल टाकावे, बागेच्या कडेला त्याचे कुंपण करावे, असे अनेक उपयोग त्यात सांगितलेले असतात. ते खोटे नाहीत. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात हे झुडूप घरोघरी आहे. आपल्या देशातही जम्मू-काश्मीरमधील डोडा जिल्ह्यात, भदरवाहच्या उतारांवर, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या सुगंधी वनस्पती अभियानातून त्याची लागवड चांगली रुजली आहे. परंतु लॅव्हेंडरला थंड हवा आणि मुळाशी कोरडी, निचऱ्याची जमीन लागते. रायपूरचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा चार महिन्यांचा पावसाळा त्याला मानवत नाही. हौसेने आणलेले रोप पहिल्याच आषाढात कुजते.

त्याची हळहळ करण्याचे मात्र कारण नाही. लॅव्हेंडर परदेशी घरासाठी जे जे करतो, ते सारे आणि त्याहून थोडे अधिक आपल्या घरासाठी करणारी वनस्पती याच मातीत, नदी-नाल्यांच्या काठाने शतकानुशतके उगवत आली आहे. फरक इतकाच की तिचा सुगंध फुलात नसून जमिनीखाली, मुळांत दडलेला आहे.

नावाची आणि कुळाची ओळख

वाळ्याचे शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस. जुन्या ग्रंथांत ते व्हेटिव्हेरिया या नावाने आढळते. व्हेटिव्हर हा जगभर रूढ झालेला शब्द मूळचा तमिळ ‘वेट्टिवेर’ होय. त्यातील ‘वेर’ म्हणजे मूळ. संस्कृतात गवताला वीरण आणि त्याच्या सुगंधी मुळांना उशीर म्हणतात. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त तिसऱ्या अंकाच्या आरंभी कण्वांचा शिष्य प्रियंवदेला विचारतो, की हा उशीराचा लेप तू कोणासाठी नेते आहेस? शकुंतलेचा ताप उन्हाचा की प्रेमाचा, हा प्रश्न नाटकापुरता. उपचार मात्र त्या काळी सर्वांना ठाऊक असलेला होता. चरकसंहितेत दाह शमविणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात उशीराची गणना आहे. तापात तहान भागविण्यासाठी वैद्य देतात त्या षडंगपानीयातही वाळा असतो.

मोगलांच्या दरबारालाही या मुळांनी मोहिनी घातली. अबुल फज्लने ‘ऐन-ए-अकबरी’त बांबूच्या चौकटीवर खस बांधून उभारलेल्या खसखान्यांचा उल्लेख केला आहे. त्यावर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळ्याचा भास होई, असे तो सांगतो. पुढे ब्रिटिश अमदानीत कचेऱ्यांच्या आणि बंगल्यांच्या दारांवर हीच खसची ताटी टांगली गेली आणि तिच्यावर पाणी मारण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला जाऊ लागला.

गारव्यामागचे गणित

ताटीचा गारवा हा चमत्कार नव्हे, साधे भौतिकशास्त्र आहे. पाण्याचे बाष्प होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. एक लिटर पाण्याचे बाष्प होण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत सांगायचे तर जवळजवळ दोन तृतीयांश युनिट. ओल्या मुळांच्या दाट जाळीतून गरम, कोरडी हवा आत शिरते, पाण्याला उष्णता देते आणि स्वतः थंड होऊन खोलीत येते. वाळ्याची मुळे बारीक, चिवट आणि गुंतागुंतीची असल्याने पाण्याला पसरायला भरपूर पृष्ठभाग मिळतो. शिवाय ती वारंवार भिजून-वाळूनही लवकर कुजत नाहीत.

हा उपाय हवा कोरडी असते तेव्हाच फळतो. एप्रिल आणि मे महिन्यांत रायपूर, दुर्ग, राजनांदगाव, तसेच पलीकडे गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात तो उत्तम चालतो. मुंबईच्या दमट हवेत किंवा रायपूरच्याच जुलैत तो निरुपयोगी ठरतो. तेव्हा ताटीने खोलीत केवळ ओल वाढते.

आज ताटीची जागा कूलरने घेतली आहे, पण तत्त्व तेच. बाजारात कूलरच्या जाळीसाठी लाकडाचा भुसा, कागदी मधमाशांच्या पोळ्यासारखे पॅड आणि खस असे तिन्ही प्रकार मिळतात. कागदी पॅड टिकाऊ आणि कार्यक्षम असतात, हे मान्य केले पाहिजे. सुगंध मात्र खसचाच. ज्यांना दोन्ही हवे, ते नेहमीच्या पॅडच्या आतल्या बाजूस खसचा पातळ थर लावतात.

हिशेबाच्या दृष्टीनेही हा विषय आपल्या वाचकांना रुचावा. घरगुती कूलर साधारण दीडशे ते दोनशे वॅट वीज घेतो. दहा तास चालला तर दोन युनिटांच्या आत काम भागते. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र तेवढ्याच वेळात त्याच्या कितीतरी पट वीज वापरते. वीज गेली तरी ओली ताटी आणि उघडी खिडकी आपले काम करीतच राहते, आणि घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर त्या दोन तासांचे मोल पैशांत होत नाही.

एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. कूलरच्या टाकीतील साचलेले स्वच्छ पाणी डेंग्यूच्या डासाला फार प्रिय असते. २०१८ साली दुर्ग-भिलाई परिसरात या रोगाची मोठी साथ आली होती. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी आणि मगच नवे पाणी भरावे. हंगाम संपला की खस उन्हात खडखडीत वाळवून सुती कापडात बांधून ठेवावी.

माठापासून कपाटापर्यंत

वाळ्याचा सर्वांत साधा उपयोग पिण्याच्या पाण्यात. मराठी घरांतून अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान करण्याची चाल आहे. त्या पाण्यात वाळा घालतात. छत्तीसगढात हाच दिवस ‘अक्ती’ म्हणून साजरा होतो. मुले बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात आणि शेतकरी नव्या हंगामाचा शुभारंभ करतो. रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या जुन्या मराठी वस्तीत या दोन्ही रीती शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत. भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशात स्थिरावलेल्या मराठी माणसाला वाळा आणि खस हे दोन शब्द परके वाटत नाहीत.

माठात घालण्यासाठी मुळांची लहान जुडी घ्यावी. मुळांना माती चिकटलेली असते, म्हणून तीन-चार पाण्यांतून ती चोळून धुवावी, उकळत्या पाण्यातून एकदा काढावी आणि पातळ मलमलच्या कापडात बांधून माठात सोडावी. दर दोन दिवसांनी जुडी बाहेर काढून उन्हात वाळवावी. दोन जुड्या आलटून-पालटून वापरल्यास गंध टिकतो. पाणी मुळात पिण्यायोग्य असावे, हे वेगळे सांगायला नको. वाळा पाण्याला सुवास देतो, ते निर्जंतुक करीत नाही.

सरबताची कृती अशी : पन्नास ग्रॅम स्वच्छ धुतलेला वाळा बारीक कापून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावा. सकाळी मंद आचेवर झाकण ठेवून दहा मिनिटे उकळावा. निवल्यावर दुहेरी कापडातून गाळून घ्यावा. या पाण्यात एक किलो साखर घालून एकतारी पाक करावा, उतरविताना दोन लिंबांचा रस घालावा आणि कोरड्या काचेच्या बाटलीत भरून ठेवावा. पेलाभर थंड पाण्याला दोन मोठे चमचे पाक पुरे. मधुमेह असणाऱ्यांनी साखरेच्या वाटेला न जाता माठातल्या वाळ्याच्या पाण्यावरच समाधान मानावे.

घरी केलेले हे सरबत फिकट पिवळसर दिसते. बाजारातील खस सरबत गर्द हिरवे असते ते रंगामुळे, वाळ्यामुळे नव्हे. त्याचप्रमाणे खस आणि खसखस यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. खसखस हे अफूच्या झाडाचे बी होय.

कपाटात रेशमी साड्या, शाली आणि लोकरीचे कपडे ठेवताना वाळ्याच्या पुरचुंड्या ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. वाळ्याच्या तेलातील घटक कीटकांना नकोसे वाटतात. अमेरिकेत लुइझियाना राज्यात झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या तेलाने वाळवी दूर राहते, असे दिसून आले. मात्र कसर आधीच लागली असेल, तर कपडे उन्हात झटकून, स्वच्छ करून मगच पुरचुंडी ठेवावी. मुळे थेट कापडाला लागू देऊ नयेत, डाग पडण्याची शक्यता असते. वास मंद झाला की पाण्याचा हलका शिपका देऊन पुरचुंडी सावलीत वाळवावी; गंध पुन्हा जागा होतो.

दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, कचोरा, चंदन यांच्यासोबत वाळ्याची पूड असते, हे गृहिणींना सांगावयास नको. मुळांपासून विणलेले हातपंखे, चटया, पडदे आणि टोप्या अनेक प्रदर्शनांतून मिळतात. हातपंखा पाण्यात बुडवून झटकला आणि वारा घेतला, तर विजेवाचूनही क्षणभर जीव निवतो.

औषधी उपयोगाबद्दल दोन शब्द. उशीरासव, षडंगपानीय ही वैद्याच्या सल्ल्याने घ्यावयाची औषधे आहेत. ऊन लागून माणूस बरळू लागला, शुद्ध हरपू लागली किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर सरबत पाजण्यात वेळ दवडू नये. सावलीत नेऊन, अंग ओले करून, वारा घालीत त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

खरेदी करताना

रायपूरच्या गोल बाजारात काष्ठौषधी विकणाऱ्या दुकानांतून उन्हाळ्याच्या तोंडावर वाळ्याच्या जुड्या मांडलेल्या दिसतात. चांगली मुळे लांब, चिवट आणि पिवळसर तपकिरी असतात. कोरडी असताना वास मंद वाटेल. म्हणून दोन मुळे चुरडून ओल्या तळहातावर धरावीत. ओल्या मातीसारखा, किंचित गोडसर आणि रेंगाळणारा गंध आला, तर माल खरा. तेल काढून घेतलेली मुळेही बाजारात येतात. ती दिसायला तशीच, पण भिजवल्यावर मुकी राहतात. कूलरला ती चालतील, माठाला नाही. दुकानदार ‘काळा वाळा’ देऊ लागला तर ती निराळी औषधी वनस्पती आहे, हे ध्यानात ठेवावे.

वाळ्याचे अत्तर घ्यावयाचे असल्यास कनौजचे नाव विख्यात आहे. तेथे तांब्याच्या देगेत मुळे आणि पाणी मंद आचेवर तापवून, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवून ‘रूह खस’ काढतात. मुळांतून तेल फार सावकाश सुटते आणि थोडेच मिळते, म्हणून ते महाग असते. स्वस्त दरातील गर्द हिरवी बाटली बहुधा कृत्रिम सुगंधाची असते.

बागेत आणि कुंडीत

घराभोवती हातभर जागा असेल, तर वाळा स्वतः लावण्यासारखा आनंद नाही. हे गवत माणसाच्या उंचीचे होते. त्याला लावणीचा पहिला महिना सोडला तर फारसे कौतुक लागत नाही. जोराचा पाऊस, पाण्यात उभे राहणे आणि नंतरचा दीर्घ अवर्षणकाळ, हे तिन्ही ते सोसते. छत्तीसगढातील शेतकरी आपल्या जमिनींना भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा नावांनी ओळखतो. मुळे काढायची असतील, तर मटासीसारखी हलकी माती बरी. काळ्या, चिकण कन्हारात मुळे खोल जातात, पण उपटताना तुटतात. मुरमाड भाट्यावरही वाळा तग धरतो, केवळ वाढ सावकाश होते.

लावणी बियाण्याने न करता ठोंबाने करावी. जुन्या बेटातून दोन-तीन फुटवे मुळांसह सोडवावेत, पाने वीतभर ठेवून छाटावीत आणि जूनच्या अखेरीस पावसाचा जम बसल्यावर लावावेत. रोपे घेताना दक्षिण भारतीय जातीची मागावीत. ती फुलली तरी बी धरत नाही, म्हणून बागेत तण होऊन पसरत नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजेच सीमॅपने, ‘धारिणी’, ‘केसरी’, ‘गुलाबी’ यांसारखे वाण विकसित केले आहेत.

गच्चीवर लावायचे झाल्यास उथळ कुंडी उपयोगाची नाही. सिमेंटची रिकामी गोणी किंवा तळाला छिद्रे पाडलेले उंच पिंप घ्यावे, त्यात वाळू, माती आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात भरावे. पंधरा ते अठरा महिन्यांनी, हिवाळ्यात, गोणी बाजूने फाडली की मुळांचा पूर्ण जुडगा न तुटता हाती येतो. वरचा ठोंब पुन्हा लावता येतो. छाटलेली पाने फुलझाडांच्या बुंध्याशी पसरावीत, ओल टिकते. स्नानगृहाच्या सांडपाण्याच्या वाटेवर वाळ्याची रांग लावल्यास ते पाणी गाळले जाते आणि गवतही वर्षभर हिरवे राहते.

बांधावरचा पहारेकरी

वाळ्याचे सर्वांत मोठे कार्य घराबाहेर, शेताच्या बांधावर आहे. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली उतरतात. अनुकूल जमिनीत ती दोन-तीन मीटर खोल जातात. त्यामुळे शेजारच्या पिकाचा घास ती हिरावत नाहीत. उतारावर समपातळीत, वीतभर अंतराने लावलेले ठोंब एक-दोन वर्षांत सलग भिंत होतात. पावसाचे पाणी तीतून गाळून पलीकडे जाते, माती अलीकडे थांबते.

कर्नाटकात म्हैसूरजवळच्या गुंडलुपेटचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हे करीत आले होते. १९८० च्या दशकात जागतिक बँकेसाठी भारतात काम करणाऱ्या जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ या तज्ज्ञांनी वाळ्याच्या या गुणाकडे जगाचे लक्ष वेधले. १९८७ मध्ये जागतिक बँकेने त्यावर लहानशी पुस्तिका काढली. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. थायलंडचे राजे भूमिबोल यांनी १९९० च्या दशकात आपल्या देशात वाळ्याची लागवड हे राष्ट्रीय कार्य मानले. ज्या गवताला आपण उन्हाळ्यापुरते आठवतो, ते आज अनेक देशांत रस्त्यांचे, कालव्यांचे आणि धरणांचे उतार सावरून उभे आहे.

येथेच एक विवेक बाळगावा लागतो. सुगंधासाठी मूळ हवे तर गवत खणावे लागते. माती राखायची तर ते जागच्या जागी राहू द्यावे लागते. एकच ठोंब दोन्ही कामे करू शकत नाही. कॅरिबियन बेटांवरील हैती हा देश वाळ्याच्या तेलाचा मोठा उत्पादक आहे, परंतु डोंगरउतारावर मुळांसाठी वारंवार खोदाई झाल्याने तेथे मातीची मोठी हानी झाली. आपल्याकडेही नदी-नाल्यांच्या काठावरील रानटी वाळा वर्षानुवर्षे उपटून नेला जातो. एका उन्हाळ्याचा गारवा विकत घेताना आपण खारून किंवा शिवनाथच्या काठची माती तर विकत नाही ना, हा प्रश्न ग्राहकानेही विचारला पाहिजे. म्हणून मुळांसाठी सपाट, हलक्या जमिनीवर स्वतंत्र लागवड करावी, खोदल्यावर तत्काळ पुन्हा लावणी करावी आणि बांधावरच्या व काठावरच्या रांगेला कोणीही कुदळ लावू नये.

शेतकरी वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. वाळा हे दीड वर्षाचे पीक आहे आणि तेल काढण्यासाठी ऊर्ध्वपातनाची भट्टी लागते. मुळे कोण घेणार, भट्टी किती अंतरावर आहे आणि वाहतुकीला काय पडेल, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावरच लागवडीचा विस्तार करावा आणि मगच कर्जाचा विचार करावा. तांत्रिक माहितीसाठी जवळचे कृषि विज्ञान केंद्र किंवा रायपूरचे इंदिरा गांधी कृषि विश्वविद्यालय यांच्याशी संपर्क साधावा. प्रारंभी बांधावरच्या चार-दोन रांगांपासून सुरुवात केली, तर रोपांचा साठाही घरचाच तयार होतो.

शहरातील वाचकांसाठी मार्ग याहून सोपा आहे. या पावसाळ्यात गच्चीवर एक गोणी भरा, त्यात दोन ठोंब लावा. पुढच्या उन्हाळ्यात पानांची सावली मिळेल आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात माठात घरचा वाळा असेल. आई-वडील दुपारी पाण्याचा पेला ओठांशी नेतील, तेव्हा तो गंध त्यांना अनोळखी वाटणार नाही. बदलीच्या गावी घर लावताना अशा ओळखीच्या वस्तूंचा मोठा आधार असतो.